चुलीला निरोप आला नव्हता

माय, काल आमच्या गल्लीतून पालिकेची कचरागाडी गेली. तिच्या भोंग्यावरून सांगितलं, की मोठी जलवाहिनी फुटली आहे, उद्या नळाला पाणी येणार नाही. समोरच्या घरातली सून त्या वेळी मिक्सरमध्ये चटणी वाटत होती, तिच्या कानावर काही गेलं नाही. तिचा नवरा गॅलरीत उभा होता, त्यानं सगळं ऐकलं आणि आत येऊन पुन्हा मोबाइल बघत बसला. आज सकाळी ती रिकामी कळशी घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, मावशी, आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो. मला हसू आवरेना. तिला वाटलं मी तिची टिंगल करते, बिचारी ओशाळली. मी तिला पाणी दिलं, चहा दिला, आणि ती गेल्यावर हे लिहायला बसले. तुला जाऊन आता माझ्या सगळ्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू होतीस तोवर मला कधी तुला लिहावं लागलं नाही, म्हणजे हे पत्र दोन्ही बाजूंनी बिनकामाचं आहे. तरी लिहिते.

मी जन्मभर इतिहास शिकवला. तुझ्या भाषेत, मेलेल्या माणसांच्या भानगडी. मुलांना त्यातलं सगळ्यात नको वाटायचं ते म्हणजे हुकूम. कोणत्या राजानं कोणतं फर्मान काढलं, कोणत्या सभेनं काय ठराव केला, घोका आणि लिहा. मी ते उलटीकडून शिकवायची. हुकूम काय होता हे मागाहून, आधी तो लोकांपर्यंत गेला कसा ते सांगायची. एका जुन्या सम्राटानं आपल्या आज्ञा डोंगराच्या कातळावर कोरल्या, आणि कातळावरच असंही लिहून ठेवलं, की ठरलेल्या दिवशी हे लोकांना वाचून दाखवा, ऐकायला एकच माणूस असला तरी त्या एकाला दाखवा. दिल्लीच्या बादशहाचं फर्मान यायचं तेव्हा सुभेदार गावाबाहेर सामोरा जायचा आणि तो कागद डोक्याला लावायचा, मग आतल्या मजकुरानं त्याची नोकरी गेली का असेना. तिकडे युरोपात धर्मगुरूंचे आदेश देवळाच्या दारावर लावायचे, आणि ते असायचे अशा भाषेत, की दारातून आतबाहेर करणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ती येत नसे. इंग्रजांनी मग छापील गॅझेट आणलं. गॅझेटात आलं म्हणजे साऱ्यांना कळलं असं धरायचं; जंगलातल्या भिल्लाला ते कोण दाखवणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला फारसा पाडून घेतला नाही. मुलं हसायची. तास संपला की कोणीतरी विचारायचं, बाई, हे परीक्षेला येतं का. नाही म्हटलं की सगळे निवांत ऐकायचे.

आपल्या गावात हुकूम डफड्यावर यायचा. कोतवाल चावडीपासून निघायचा, प्रत्येक वळणावर थांबून डफडं वाजवायचा आणि ओरडायचा. देवी टोचायला डॉक्टर येणार आहे, लेकरं घरी ठेवा. गुरं मोकळी सोडली तर कोंडवाड्यात जातील. स्वराज्य आलं तेही गावाला त्याच डफड्यानं सांगितलं, असं तू म्हणायचीस. मला ते आठवत नाही. कोतवाल गावकुसाबाहेर राहायचा. ज्याच्या तोंडून सगळ्या गावाला सरकार ऐकू यायचं, त्याला ओट्यावर बस म्हणायची कोणाची छाती नव्हती. एकदा भर उन्हात त्याचा आवाज बसला, तेव्हा तू त्याला पाणी दिलंस. वरून ओतून नाही, तांब्याच दिलास. आजीनं तो तांब्या मग अंगणात किती दिवस उपडा ठेवला होता, आणि तू रोज तो घासून पुन्हा आत आणायचीस. भांडण असं झालं नाही. तांब्या मात्र बाहेर जायचा आणि आत यायचा.

पण डफडं सरकारचं. समाजाचा निरोप वेगळा, तो न्हावी दारोदार फिरून सांगायचा. त्याचे नियम आता कोणाला ठाऊक नाहीत, म्हणून मी माझ्या नाती-पुतण्यांना समजावून सांगते तेव्हा ते तोंडाकडे बघत राहतात. लग्न असो, तेरावं असो, न्हावी दारात उभा राहून पुकारायचा. ‘घरटी माणूस’ म्हणाला तर घरातल्या एकाच कर्त्या पुरुषानं जेवायला जायचं. ‘चूलबंद’ म्हणाला तर अख्ख्या घराला आवतण, त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही. बाया, पोरं, म्हातारी, सगळी बोलावणाऱ्याच्या पंगतीला. यात चूक झाली तर जन्मभर टोमणे. आणि तुझी झाली. तू धुळ्याकडची, तिकडे तुझ्या माहेरी कोणी एवढं काटेकोर बघत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी निरोप आला घरटी माणूस, आणि तू नवं लुगडं नेसून नणंदेला घेऊन वरण-बट्टीच्या पंगतीला जाऊन बसलीस. वाढपी थांबला. बाया पदराआड हसल्या. तुला पानावरून उठावं लागलं. घरी आल्यावर आजी तुला चुलीपुढे उभी करून म्हणाली, बाई, निरोप कोणाले आला ते ऐकत जा, मग पाय उचल. हे तूच मला सांगितलंस, भाकरी थापता थापता, हसत. पण हसताना तुझे कान लाल झाले होते. तुझं बोलणंही तिकडचंच राहिलं. ‘आहे’ला शे आणि ‘सगळं’ला बठ्ठं म्हणालीस की आमच्या काकूंना गुदगुल्या व्हायच्या. इतकी वर्षं इकडे काढलीस, पण भाषा काही सोडली नाहीस.

आता त्या वर्षाचं. गावातली शाळा चौथीपर्यंत, पुढचं बोदवडला. कपाशीच्या वावरांमधून पायवाटेनं जायचं, रेल्वेचे रूळ ओलांडायचे, मग गाव. वर्गात मुलगेच फार, मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि आपल्या गावातून मी आणि आणखी एक अशा दोघीच. मी सहावीत होते. त्या सुमारास शेजारच्या गावात एका शिकलेल्या मुलीनं ठरलेल्या लग्नाला नाही म्हटलं, आणि त्याचं खापर फुटलं शाळेवर. आपल्या समाजाचे पंच बसले. त्यांनी ठरवलं, की चौथीच्या पुढे पोरीला मुलग्यांच्या शाळेत पाठवायचं नाही. जो पाठवेल त्याच्या घरी कोणी जेवायला जायचं नाही, त्याला कोणी बोलवायचं नाही, त्याच्याशी सोयरीक करायची नाही. आता गंमत अशी, की मुंबई सरकारनं असं वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. पंचांना तो माहीत होता. म्हणून कागद करायचा नाही, सही करायची नाही, कोतवालाला कळू द्यायचं नाही, पोलीस पाटलाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. मग ठराव सांगायचा कसा? त्यांनी न्हाव्याला पाठवलं, जसा जेवणाला पाठवतात तसाच. घरटी माणूस, संध्याकाळी मारुतीच्या देवळात. आपल्या घरातून नाना, माझे वडील, गेले. देवळाचं दार लोटून घेऊन त्यांना सगळं सांगण्यात आलं.

ते परत आले तेव्हा तू कळण्याच्या भाकरी करत होतीस. अक्का, माझी थोरली बहीण, ठेचा कुटत होती. नाना दारातच बसले आणि जोडा न काढता सगळं सांगून टाकलं. मी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसले होते, आणि ऐकून डोकं गुडघ्यांत घातलं. तुला वाटलं मी रडते. तू हातातली भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस, उलटलीस. मग नानांना विचारलंस, की निरोप काय होता, घरटी माणूस का चूलबंद. नाना म्हणाले, हे काय जेवण आहे का. तू म्हणालीस, न्हावी तर तोच होता. नानांना आधी हसू आलं, मग ते चिडले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. अक्काची सुपारी फुटली होती. मुलगा भुसावळकडचा, घर चांगलं, आणि लग्न कपाशी घरात आली की करायचं ठरलं होतं. एका पोरीच्या पुस्तकांपायी दुसरीचं लग्न मोडायचं का, असं ते म्हणाले. अक्काचा बत्ता थांबला. मला तो थांबलेला बत्ता अजून ऐकू येतो. तू अक्काकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि पुढची भाकरी थापायला घेतलीस. नाना चांगले होते माय, हे मी आज मुद्दाम लिहिते. ते घाबरले होते, आणि घाबरण्यासारखंच ते होतं.

सकाळी तू माझी वेणी घातलीस, रोजच्यापेक्षा घट्ट. पिशवीत भाकरी बांधलीस. मग डोक्यावर पदर घेतलास आणि माझ्याबरोबर स्वतः निघालीस. वाट मोठ्या आबांच्या घरावरून जाते. ते पंचांतले सर्वांत वडील. सारं गाव त्यांना आबाच म्हणायचं. ते ओट्यावर दात घासत बसले होते. आपल्याकडे सुनेनं असल्या वडील माणसाशी समोरासमोर बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर मधे लेकरू धरायचं आणि लेकराला सांगायचं, की आबांना असं असं सांग. आबाही लेकरालाच उत्तर देणार. दोघं हाताच्या अंतरावर उभी, दोघांना दोघांचं लख्ख ऐकू येतंय, आणि मधलं लेकरू पोपटासारखं सगळं पुन्हा म्हणतंय. त्या दिवशी ते लेकरू मी होते.

आबांनी मला विचारलं, “कुठी चालली व पोरी? तुझ्या मायले विचार, काल काय ठरलं ते तिले माहीत नाही का?”

मी तुला विचारलं. तू पदराआडून म्हणालीस, “आबास्ले सांग, निरोप घरटी माणूसना व्हता. चुल्हाले निरोप उना नही.”

मी सांगितलं, की निरोप घरटी माणसाचा होता, चुलीला निरोप आला नाही. आबांनी चूळ भरली, शांतपणे टाकली, आणि मला म्हणाले, “तिले सांग, घरच्या माणसाले सांगलं म्हणजे घराले सांगलं.”

“मंग पंगतले बी तसंच करा म्हना,” तू म्हणालीस. “एक माणूस जेवना, म्हंजे बठ्ठं घर जेवनं.”

हे सांगताना माझी जीभ अडखळली. एक माणूस जेवला म्हणजे सगळं घर जेवलं, असं आबांना सांगायचं, तेही त्यांच्या ओट्यासमोर. पण मी सांगितलं. ओट्याच्या आत, उंबऱ्याशी, आबांची सून धान्य पाखडत होती. तिचं सूप थांबलं. आबा काही दुष्ट नव्हते गं. नियम पाळणारे होते, आणि तू त्यांना त्यांच्याच नियमात नेऊन उभं केलं होतंस. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. आबा विचार करायला लागले, तिथेच त्यांचं बिनसलं. शेवटी ते म्हणाले, की तिले सांग, मग चुलीलाही निरोप पाठवू.

“पाठाडा म्हना,” तू म्हणालीस. “त्या दिन मी चुल्हा पेटाडसू नही. बठ्ठ्या बाया जेवाले येतीन.”

आता यात काय झालं ते समोरच्या सुनेला मी आज सकाळी समजावलं, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. चुलीला निरोप म्हणजे चूलबंद. चूलबंद म्हणजे सगळ्या बायापोरांना पंगत. पंगत घालायची तर मांडव, चुलाणं, वाढपी, पत्रावळी, आणि सगळ्या गावाला दिसणार, की पंचांनी बाया गोळा केल्यात. कशाला, हे पोलीस पाटील विचारणारच. कागद नको, डफडं नको म्हणून पंचांनी जेवणाचा निरोप उसना घेतला, आणि जेवणाच्या निरोपाबरोबर जेवणाचे नियमही येतात हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ही चूक आपलीच माणसं करू शकतात. आबांनी मला हातानं खूण केली, जा. ती खूण शाळेत जा अशी होती की समोरून जा अशी, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तू मला पुढे ढकललंस, आणि आपण निघालो.

कोणी असं समजू नये, की त्या दिवशी तू जिंकलीस आणि सगळं गोड झालं. ठराव कोणी मागे घेतला नाही. पंचांनी आपल्याला वाळीत टाकलं असंही कोणी म्हटलं नाही. न्हावी मात्र आपल्या दारावरून पुढे जायला लागला. त्यालाही वाईट वाटायचं. मान खाली घालून जायचा. अक्काची सोयरीक मोडली. भुसावळवाल्यांनी कारण दिलं पत्रिकेचं. अक्का माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही, माझं ताट तेवढं वाढायची. तुला तिनं एकदाच विचारलं, की तिची शाळा मोठी का माझं लग्न, आणि तू तिच्या डोक्याला तेल लावायला बसलीस. तिनं लावून घेतलं, पण रडत होती. मी हे सगळं पाहिलं आहे. पुढच्या वर्षी तुझ्या भावानं धुळ्याकडचं स्थळ आणलं, माणूस देवासारखा निघाला, आणि अक्का म्हातारपणी म्हणायची, की भुसावळचं मोडलं ते बरंच झालं. पण ते तिचं नशीब. ते तुझ्या हिशेबात मी धरत नाही, आणि तूही धरलं नसतंस.

उन्हाळा आला तेव्हा तुझी खरी शिक्षा सुरू झाली. पापड, बिबडे, शेवया हे एका बाईचं काम नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, साऱ्या जणी मिळून करायच्या, तेव्हा कुठे वर्षाची बेगमी होते. त्या वर्षी तुला कोणी बोलावलं नाही, आणि आपल्या अंगणात कोणी आलं नाही. तू पहाटे उठून एकटीच बिबड्यांसाठी ज्वारीच्या पिठाचा घाटा हटायचीस, चुलीवर घोटत राहायचीस. मी लाटायला बसले तर माझे पापड नकाशासारखे व्हायचे. एक दिवस मागच्या दारानं आबांची सून आली, तीच, जिचं सूप थांबलं होतं. आली आणि पोळपाट ओढून लाटायला बसली. काही पापड झाले, मग खाली बघूनच म्हणाली, “वहिनी, आमच्याबी चुल्ह्याले निरोप नाही आला.” तू तिच्यापुढे आणखी गोळे सरकवलेस.

शाळा उघडली तेव्हा आबांची नात माझ्याबरोबर वाटेला लागली. आबा ओट्यावर बसले होते, त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग ठरावानंतर घरी बसवलेली ती आपल्या गावातली दुसरी आली, मग वाण्याची आली. तो मारवाडी, त्याला आपल्या पंचांशी घेणंदेणं नव्हतं, पण सोबत नसल्यामुळे तो पोरीला पाठवत नव्हता. कोणी विचारलं की बाया म्हणायच्या, चुलीला निरोप नाही. नदीवर धुताना म्हणायच्या, कापूस वेचताना म्हणायच्या. पुढे पुढे ती गावात म्हणच झाली. नवऱ्याची एखादी गोष्ट ऐकायची नसली की बायका तेच म्हणून मोकळ्या होत. ठराव मेला, पण त्याचं तेरावं कोणी घातलं नाही. न्हावी एके दिवशी आपल्या दारात थांबला आणि जरा मोठ्यानंच ओरडला, चूलबंद. तू आत होतीस. बाहेर आली नाहीस, पण मला हाक मारून चुलीतली लाकडं बाहेर ओढायला सांगितलीस, आधण ठेवलं होतं तरी.

नंतर मी अमळनेरला कॉलेजात गेले. तिथल्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात मला एक गोष्ट सापडली. युरोपात ख्रिस्ती धर्माची एक मोठी सभा भरली होती, चारशे वर्षांपूर्वी. तिनं लग्नाबद्दल कडक ठराव केला, की पाद्री आणि साक्षीदार यांच्याशिवाय झालेलं लग्न ते लग्नच नव्हे. पण पुढे असंही ठरवलं, की ज्या गावच्या देवळात हा ठराव लोकांना वाचून दाखवला जाईल, तिथेच तो लागू. मग कित्येक मुलखांत तो वाचलाच गेला नाही, आणि तिथे पुढची शेकडो वर्षं लोक जुन्याच रीतीनं लग्नं करत राहिले, आणि ती लग्नं खरी मानली गेली. मोठमोठ्या पंडितांनी यावर वाद घातले आहेत. मी ते वाचलं आणि मोठ्यानं हसले. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. मी त्यांना काय सांगणार होते, की हे आमच्या घरी भाकरी करताना झालेलं आहे.

तू मला भेटायला अमळनेरला एकदाच आलीस, गाडीनं, मांडीवर सांडग्यांची बरणी धरून. वसतिगृहाच्या दाराशी फळ्यावर नियम लावलेले होते. तू मला ते वाचायला लावलेस. दिवेलागणीनंतर बाहेर राहायचं नाही, भेटायला येणाऱ्यांनी ओसरीतच बसायचं, असं बरंच होतं. मला वाटलं तू चिडशील. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “हाई चांगलं शे. ज्यास्नासाठे शे, त्यास्ना समोरच लायेल शे.” ज्यांच्यासाठी नियम, त्यांच्यासमोरच लावलेत, हे तुला पटलं, आणि मग खरोखरच ओसरीत बसलीस, माझी खोली आतून बघायची असूनही. रेक्टरबाई म्हणाल्या, आईंना आत आणा, आईंना चालतं. तू नाही म्हणालीस. मी तिथेच पितळीत तुला वरणभात आणून दिला. जाताना तू माझ्या पुस्तकांच्या ढिगावर हात ठेवलास, जसा गाईच्या पाठीवर ठेवायचीस तसा, आणि स्टेशनकडे चालू लागलीस.

माझी नोकरी लागलेली तू पाहिलीस, हे माझं भाग्य. त्यानंतर फार राहिली नाहीस. माझ्या वर्गांतून किती मुली गेल्या ते मी मोजलं नाही. त्यातल्या कितीजणी घरी काय सांगून येत होत्या, कोण कोणत्या ओट्यासमोरून चालत येत होती, हे मी विचारायची मात्र. इतिहासाच्या बाईनं हे विचारू नये असं हेडमास्तरांचं मत होतं. लोक माझा सत्कार वगैरे करतात तेव्हा मी भाषणात तुझी गोष्ट सांगते. आबांचा ओटा, पदराआडचं बोलणं, एक माणूस जेवला म्हणजे घर जेवलं. टाळ्या पडतात. आणि शेवटी मी नेहमी म्हणते, की माझ्या शिकण्याच्या ओढीसाठी माझी आई पंचांपुढे उभी राहिली. ऐकायला छान वाटतं, म्हणून म्हणते.

पण तसं नव्हतं, माय. हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचं हे मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी ते टाकलं नसतं, म्हणून लिहायला हरकत नाही. नाना देवळातून आले आणि त्यांनी ठराव सांगितला, तेव्हा मी गुडघ्यांत डोकं घातलं ते रडण्यासाठी नाही. मला बरं वाटलं होतं. मला ती पायवाट नको होती, वर्गातल्या मुलग्यांचं खिदळणं नको होतं, गणिताचे मास्तर तर मुळीच नको होते. सुटले, असं मला वाटलं, आणि तो आनंद कोणाला दिसू नये म्हणून मी तोंड लपवलं. सकाळी तू वेणी घालत होतीस तेव्हा सांगावं असं मनात आलं होतं. पण तू इतकी घट्ट घालत होतीस, की धीर झाला नाही. तू साऱ्या गावाला विचारलंस, की ज्यांच्यासाठी हुकूम आहे त्यांना सांगितलं का, विचारलं का. मला मात्र तू काहीच विचारलं नाहीस, नुसती पिशवी हातात दिलीस. मला शाळेत जायचं नव्हतं, माय. विचारलं नाहीस ते फार बरं केलंस.